गिअरमास्तर आणि दोन पेडलांची गाडी

आमच्या साडूंना बोलता बोलता एक बोट वर करायची सवय आहे. तुम्ही त्यांना एखादी हृदयद्रावक हकिकत सांगत असता, ऐन रंगात आलेले असता, आणि साडू बोट वर करून म्हणतात, "थांबा." तुम्हाला वाटतं, गहिवरून आलं असेल. तसं काही नसतं. बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेलेली असते. "दुसऱ्या गिअरचा दात गेलाय बिचारीचा," साडू हळहळतात. मग तुमच्याकडे वळतात, "हं, बोला. कोण वारलं म्हणालात?"

साडूंना सगळी गल्ली गिअरमास्तर म्हणते. चाळीस वर्षं त्यांनी घराखालच्या गॅरेजात गिअरबॉक्स उघडले आणि मिटले. इंजिनाला हात लावला नाही, ब्रेककडे बघितलं नाही. "इंजिन म्हणजे काय, आरडाओरडा करणारं पोर. ते आपणच सांगतं काय दुखतंय ते. गिअरबॉक्स मुकाट सोसतो. त्याचं ऐकायला कान लागतो," असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांचा कान खरोखरच लागायचा. लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक गिअरबॉक्सला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. डॉक्टर छातीला नळी लावतो ना, तसं. फरक इतकाच, की डॉक्टरांचं निदान कधीमधी चुकतं.

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. म्हणजे गॅरेजावरची पाटी उतरवली. स्वतः काही गॅरेजातून उतरले नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर तुटलेले गिअर ओळीनं मांडून ठेवलेत. एकेका गिअरकडे बोट दाखवून ते मालकाचं चारित्र्य सांगतात. "हा बघा, क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणारा. आयुष्यात कुठलाच निर्णय पुरता घेतला नाही त्यानं."

गल्लीत कुणालाही नवी गाडी घ्यायची झाली, की आधी मास्तरांचा होकार लागायचा. आणि मास्तरांचा एक कायदा होता: क्लच हवाच. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीला ते गाडीच म्हणत नसत. "दोन पेडलं? मग लिफ्टच घ्या की. तिला तर एकही नसतं." कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं त्यांना न विचारता ऑटोमॅटिक घेतली, तेव्हा मास्तर त्याच्या दुकानात गेले, दोन मिनिटं उभे राहिले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून "धीर धरा" म्हणाले आणि निघून आले. औषधवाल्यानं ते खांद्यावरचे दोन हळुवार थोपटे मनात जपून ठेवले.

आता मास्तरीणबाई. म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई. ताई पडदे शिवतात. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, कापड दाखवायचं, शिवून नेऊन टांगायचं. पंचवीस वर्षं हा उद्योग त्यांनी आपली गाडी आपण चालवत केला. मागे कापडाचे गठ्ठे, शेजारच्या सीटवर हुकांचा डबा, गळ्यात टेप, आणि काचा बंद करून गाणं. ताई चारचौघांत गात नाहीत. याबद्दल चारचौघं त्यांचे आभारी आहेत. पण गाडीत एकट्या असल्या, की अशा काही खड्या आवाजात गातात, की सिग्नलला शेजारी उभे राहिलेले लोक आपला रेडिओ तपासतात.

गेल्या वर्षी ताईंच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "चाला, फिरा, जिने चढा. पण दिवसातून पाचशे वेळा क्लच दाबणं विसरा."

झालं. आठ महिने मास्तर ताईंचे ड्रायव्हर झाले, आणि हे आठ महिने दोघांनाही जड गेले. गाडीत ताईंनी नुसता सूर लावला, की मास्तर बोट वर करायचे. "थांब. गिअरबॉक्स ऐकू येत नाही." गिऱ्हाइकाच्या घरी ताई खिडकी मोजायला स्टुलावर चढायच्या आणि खाली मास्तर घरमालकाला सांगायचे, "पडद्याचं राहू द्या, तुमच्या दारातल्या गाडीचं बेअरिंग गुणगुणतंय." मग मालक, मालकीण, मास्तर सगळे दारात. ताई स्टुलावर, टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नाही.

एक दिवस सकाळी चहाचा कप खाली ठेवून ताईंनी जाहीर केलं, "मी ऑटोमॅटिक घेतेय."

माझी बायको आणि मी तिथंच होतो. मास्तरांचा चेहरा असा झाला, जसा मुलीनं पळून जाऊन लग्न केल्यावर बापाचा होतो.

"अगं, मी आहे ना सोडायला."

"तुम्ही आहात, तोच तर त्रास आहे," ताई म्हणाल्या. "मला एकटीला जायचंय. मला माझं काम करायचंय, आणि मला गायचंय. गुडघा बदलून झाला, नवरा बदलायचं वय गेलं. राहिली गाडी."

मास्तर उठले. मग गॅरेजात गेले. पुढचे पंधरा दिवस त्यांनी जे केलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून विश्वास ठेवतो. ज्या गोष्टीला चाळीस वर्षं शिव्या घातल्या, तिचा त्यांनी अभ्यास केला. ओळखीच्या गॅरेजांतून उघडलेले ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बघून आले, टॅक्सीवाल्यांना थांबवून थांबवून विचारलं, वहीत आकृत्या काढल्या. शेवटी मला बोलावून म्हणाले, "साडूभाऊ, मी चुकलो होतो. हे एक जनावर नाही, चार आहेत."

मग मला चारही जनावरं ऐकावी लागली. पहिलं म्हणजे आपला साधा गिअरबॉक्सच, फक्त क्लच यंत्र दाबतं. स्वस्त, दुरुस्तीला सोपं, पण गिअर बदलताना मान डोलावतं. दुसऱ्यात दात नाहीतच, दोन पुल्या आणि एक पट्टा. चालतं मऊ, पण ओझं आणि चढ फार झाले तर पट्ट्याच्या जिवावर येतं. तिसऱ्याला दोन क्लच, एकदम चपळ, पण गर्दीत तासन्‌तास रांगत राहावं लागलं की काहींचं डोकं तापतं. "आणि चौथा," मास्तरांचा आवाज खाली आला, "चौथ्यात क्लचच्या जागी तेल. तेलच तेलाला फिरवतं. जुना, जरा जड, जरा खादाड. पण तेल वेळेवर बदललं तर मालकाच्या आधी मरत नाही."

"म्हणजे चौथा घ्यायचा?"

"चौथा. पण तिला सांगू नका मला तो आवडला म्हणून."

शोरूमला आम्ही चौघं गेलो. निळ्या कोटातल्या विक्रेतीनं हसतमुखानं सुरुवात केली, "सर, हिच्यात सहा कपहोल्डर आहेत." सरांच्या जागी सर नव्हतेच. सर गाडीखाली होते. चकचकीत फरशीवर फक्त त्यांचे पाय दिसत होते आणि खालून आवाज येत होता, "तेलाचा बोल्ट कुठल्या बाजूला ठेवलाय यांनी?"

ताईंनी चाचणीसाठी तशीच दुसरी गाडी चालवली. डावा पाय त्यांनी नुसता बाजूला ठेवून दिला, एखाद्या दमलेल्या पाहुण्याला खुर्ची द्यावी तसा. परत आल्या तेव्हा गाल लाल झाले होते. "घेतली," एवढंच म्हणाल्या. मागची सीट पाडून कापडाचा सर्वांत लांब गठ्ठा मावतो की नाही हे मात्र त्यांनी टेपनं मोजून घेतलं.

आणि मग विक्रेतीनं ते शब्द उच्चारले. "मॅडम, एक्स्टेंडेड वॉरंटी?"

मास्तर गाडीखालून असे बाहेर आले, जसं त्यांना कुणी आईवरून बोललं. "वॉरंटी वाढवून? मी घरात असताना? गिअरबॉक्सला काही झालं तर मी काय टाळ्या वाजवणार आहे?"

"अहो," ताई शांतपणे म्हणाल्या, "गाडी दहा वर्षं चालवायचीय. तुम्ही सदुसष्टचे. तुमची वॉरंटी कोण वाढवून देणार?"

विक्रेतीनं तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते. मास्तरांनी शेवटचा बाण काढला. "काय गं पोरी, या वॉरंटीत सगळं येतं?"

"नाही सर. झिजणारे भाग येत नाहीत. सर्व्हिस वेळेवर आमच्या वर्कशॉपमध्येच करायची. गिअरबॉक्स बाहेर कुणी उघडला तर वॉरंटी संपली."

ती खरं बोलली याचा मास्तरांना आनंद झाला आणि काय बोलली याचं दुःख. ताईंनी वॉरंटीचं पुस्तक घेतलं आणि मागच्या पानापासून वाचायला सुरुवात केली. "कापड नेहमी उलट्या बाजूनं बघावं," त्या म्हणाल्या. "काय मिळतं ते पुढे छापतात, काय मिळत नाही ते मागे." सगळं वाचून त्यांनी सही केली.

गाडी घरी आली. ताईंनी शिंप्याचा पांढरा खडू घेतला, गॅरेजात उभ्या असलेल्या गाडीभोवती जमिनीवर मोठी रेघ आखली आणि म्हणाल्या, "या रेघेच्या आत तुमचा स्क्रूड्रायव्हर आला, तर मी माहेरी जाईन." माहेर म्हणजे आमचं घर. त्यामुळे ती धमकी मलाही लागू होती.

पुढचे दिवस ताईंसाठी सोन्याचे होते. त्या एकट्या जात, एकट्या येत. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली, की बंद काचांतूनही सूर ऐकू येई आणि झाडावरचे पक्षी सावरून बसत. एका शाळेच्या मोठ्या सभागृहाचे चौदा पडदे त्यांना मिळाले. पंचवीस वर्षांतलं सर्वांत मोठं काम.

मास्तरांचे मात्र हाल सुरू होते. घरात नवा गिअरबॉक्स आणि त्याला हात लावायचा नाही, म्हणजे हलवायाला मधुमेह. त्यातून त्यांचा जुना नेम: नव्या गिअरबॉक्सचे पहिले हजार किलोमीटर झाले, की बोल्ट जरासा ढिला करायचा, तेलाचा एक थेंब बोटावर घ्यायचा, उन्हात धरायचा आणि हुंगायचा. तेलात लोखंडाचा चुरा दिसला तर पुढचं दुखणं आधीच कळतं. चाळीस वर्षांत त्यांनी हा नेम एकदाही चुकवला नव्हता.

हजार किलोमीटर झाले त्या दुपारी ताई आमच्याकडे आल्या होत्या, चालत. आणि मास्तर खडूच्या रेघेवरून पाय उचलून आत गेले.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. ताई नुकत्याच घरी परतल्या होत्या. मास्तरांनी मला जिन्यात ओढलं.

"साडूभाऊ, तेल बघितलं. काय सांगू! डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल. चुरा नाही, करपट वास नाही. संसार व्हावा तर असा."

"मग रडताय का?"

"बोल्टवर कंपनीची पिवळी रेघ असते. बोल्टवर अर्धी, खोक्यावर अर्धी. बोल्ट फिरवला की रेघ तुटते. तुटली." मास्तरांनी आवाज आणखी उतरवला. "तुमच्या मंडळींकडे पिवळं नेलपॉलिश आहे का?"

मी बायकोकडे नेलपॉलिश मागितलं. तिनं कारण विचारलं. आयुष्यात मला ऐनवेळी एकही बरी थाप सुचलेली नाही. "मास्तरांना हवंय," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि बाटली दिली. मास्तरांनी गाडीखाली शिरून, श्वास रोखून, तुटलेली रेघ जोडली. नवरीच्या बोटालाही कुणी इतक्या मायेनं रंग लावला नसेल.

पंधरा दिवस सुखात गेले. मग सभागृहात पडदे टांगायचा दिवस उजाडला. ताईंनी चौदा पडदे गाडीत भरले, बसल्या, ब्रेक दाबला, गिअरचा दांडा 'पी'वरून, म्हणजे पार्किंगवरून, खाली ओढला. दांडा हलेना. पुन्हा ओढला. हलेना. समोर एक पिवळा दिवा लागला, नेमका दातेरी चक्राच्या आकाराचा.

ताईंनी मास्तरांना हाक मारली. मास्तर आले, दिवा बघितला आणि पांढरे पडले. बोल्ट ढिला केल्यानं दांडा अडकत नाही, हे त्यांच्या अर्ध्या डोक्याला पक्कं ठाऊक होतं. उरलेल्या अर्ध्या डोक्यात चोराच्या मनातलं चांदणं लख्ख पडलं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एका गाडीचं निदान करायचं नाकारलं. "मी रेघेच्या आत येत नाही," ते पुटपुटले. "वर्कशॉपलाच नेऊ."

गाडी उचलून नेणारा ट्रक आला. सगळी गल्ली बाहेर. औषधवाला दुकान सोडून आला, मास्तरांजवळ दोन मिनिटं उभा राहिला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "धीर धरा." दोन थोपटे, मोजून. व्याजासकट परत.

मी माझ्या गाडीनं दोघांना वर्कशॉपला नेलं. वाटेत ताई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "आज पडदे लागले नाहीत तर काम जाईल. आणि ही गाडी अशीच धोका देणार असेल, तर मग मी घरीच बसते. झालं गाऊन."

वर्कशॉपची फोरमन एक बाई होती, पन्नाशीची, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. तिनं कागद हातात घेतला आणि मास्तर पुढे झाले.

"बाई, गाडी बघायच्या आधी माझं ऐका. गिअरबॉक्सच्या तेलाचा बोल्ट मी ढिला केला होता. एक थेंब काढला, पुन्हा आवळला. वर रंग लावून लपवलं. हिला काही माहीत नाही. वॉरंटी रद्द करायची तर माझी करा, हिची नको. हिला गाडीची गरज आहे. हिला..." त्यांनी ताईंकडे बघितलं. "हिला गावं लागतं."

वर्कशॉपमधले पाने थांबले. मी ताईंकडे बघितलं. ताई शांत.

"नेलपॉलिश लावलंत ना?" त्या म्हणाल्या.

"तुला कसं कळलं?"

"बहीण कुणाची आहे ती? बाटली घरातून बाहेर पडायच्या आधी तिचा फोन आला होता, 'ताई, भावोजी नखं रंगवायला लागलेत, सांभाळ.' पंधरा दिवस वाट बघतेय, कधी बोलता त्याची."

फोरमनबाईंनी गाडी वर उचलली, खाली जाऊन बोल्ट बघितला, नखानं रेघ खरवडली. "आमचा मार्कर संपला की मीही हेच लावते," त्या म्हणाल्या. "तुमचा हात माझ्यापेक्षा सरळ आहे." मग त्यांनी जोर मोजणारा पाना आणला. बोल्ट जेवढा आवळायला हवा तेवढा जोर भरला, की तो 'टक्' करतो. बाईंनी पाना लावला. बोल्ट तसूभरही हलला नाही. टक्.

"कुठल्या पान्यानं आवळला होतात?"

"साध्या. हाताच्या अंदाजानं."

बाईंनी पुन्हा लावून बघितला. टक्. मग आतल्या दोन मेकॅनिकना हाक मारली आणि त्यांनाही तो बोल्ट दाखवला. मास्तर जमिनीकडे बघत होते, पण कान लाल झाले होते.

"गळती नाही, तेल उत्तम," बाई म्हणाल्या. "यानं दांडा अडकणार नाही. दुखणं वर आहे." त्या गाडीत बसल्या, दांड्याभोवतालचं झाकण उचकटलं, आत टॉर्च मारला. "अरेच्चा." चिमटा मागवला आणि दांड्याच्या खाचेतून एक वस्तू बाहेर काढून सगळ्यांसमोर धरली.

पडद्याचा हुक. चकचकीत, पितळी, ताईंच्या डब्यातला.

दांडा हलला. दिवा विझला. दोन मिनिटं सगळे हुकाकडे बघत होते आणि हुक ताईंकडे. मग मास्तरांनी हळूच वॉरंटीचं पुस्तक उचललं, मागचं पान उघडलं, चष्मा लावला आणि वाचलं, "'बाहेरची वस्तू आत गेल्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत येत नाही.'" पुस्तक मिटलं. "कापड उलट्या बाजूनं बघावं म्हणतात."

ताई आधी रागावणार होत्या. तसा चेहरा तयारही केला होता. पण मध्येच कुठंतरी तो फिसकटला आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता टायरांच्या ढिगावर बसल्या, पदरानं डोळे पुसले, पुन्हा हसल्या. "अहो, मी सकाळपासून त्या बिचाऱ्या गिअरबॉक्सला शिव्या घालतेय!"

"मी चाळीस वर्षं घातल्या," मास्तर म्हणाले. "तुझी सकाळच गेली."

फोरमनबाईंनी पैसे घेतले नाहीत. सर्व्हिसच्या पुस्तकात मात्र स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'मालकिणीच्या यजमानांनी तेलाचा बोल्ट उघडून पुन्हा लावला. तपासला. बरोबर आहे. पुन्हा उघडू नये. वॉरंटी चालू.' खाली सही आणि शिक्का. मास्तरांनी त्या पानाची प्रत मागून घेतली. ती आता खिडकीच्या कट्ट्यावर, तुटलेल्या गिअरांच्या मधोमध, काचेखाली आहे. शेवटून दुसरं वाक्य सोडून बाकी सगळं ते येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवतात. गाडी घेणाऱ्यांना सल्लाही नवा देतात: "ऑटोमॅटिक? घ्या की. कुठल्या जातीची ते विचारा, तेल वेळेवर बदला, वॉरंटीचं मागचं पान आधी वाचा. आणि हुकांचा डबा डिकीत ठेवा."

त्या दिवशी वर्कशॉपच्या दारात ताई चौदा पडद्यांसकट गाडीत बसल्या. मास्तरांनी पलीकडच्या दाराला हात घातला. आतून खट्कन कुलूप लागलं. काच दोन बोटं खाली आली.

"तुम्ही तुमच्या साडूंबरोबर या. मला एकटीला जायचंय."

"जा. सावकाश."

गाडी निघाली. वळणापर्यंत पोहोचली तोवर सूर सुटला होता, खणखणीत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुरेल असा. मास्तरांनी बोट वर केलं. मी थांबलो. ते डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत होते.

"दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली," ते म्हणाले. "कळलंसुद्धा नाही हो, लोण्यासारखी."

"आणि गाणं?"

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. "त्याची वॉरंटी कुणीच देणार नाही, साडूभाऊ," ते म्हणाले, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही त्यांचं बोट बराच वेळ वरच होतं.